लेपिडॉप्टेरा : एका शास्त्रीय शब्दाची कुळकथा

श्रावणाची सर ओसरून ऊन पडलें कीं तगरीवर फुलपाखरें भिरभिरूं लागतात आणि घरांतील लहान मूल त्यांच्या मागें धांवूं लागतें. त्याच घरांत रात्रीं दिव्याभोंवतीं पतंग जमले म्हणजे वडील माणसें त्रासून दिवा मालवावयास सांगतात. आणि कढीलिंबाच्या पानावर अळी दिसली तर ती काठीनें दूर झटकली जाते. पहिल्याचें कौतुक, दुसऱ्याचा त्रास, तिसरीची किळस, असा हा आपला नित्याचा न्याय आहे. शास्त्राच्या दप्तरांत मात्र या तिघांची नोंद एकाच कुळांत झालेली आहे, आणि त्या कुळाचें नांव आहे ‘लेपिडॉप्टेरा’.

हा शब्द आज शाळेंतील मुलें घोकतात, शेतकी विषयाचे विद्यार्थी परीक्षेंत लिहितात, औषधांच्या डब्यांवरील बारीक अक्षरांतही तो कधीं कधीं आढळतो. उच्चाराला जड म्हणून बहुतेक जण त्यास वळसा घालून पुढें जातात. परंतु ज्यांच्या घरांत अमरकोशाची एक तरी प्रत आहे त्यांनीं या शब्दाला बिचकण्याचें कारण नाहीं. त्याचा अर्धा भाग आपल्या नात्यांतलाच आहे, हें आम्ही पुढें दाखविणार आहों.

शब्दाची फोड

‘लेपिडॉप्टेरा’ हा शब्द दोन ग्रीक शब्द जोडून केलेला आहे. ‘लेपिस’ (समासांत ‘लेपिडो’) म्हणजे खवला आणि ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख. दोहोंचा मिळून अर्थ ‘खवल्यांचे पंख’ असा नव्हे, तर ‘ज्यांच्या पंखांवर खवले आहेत ते’ असा होतो. आपल्या व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर हा बहुव्रीहि समास आहे. पीतांबर म्हणजे जसा पिवळें वस्त्र नेसणारा विष्णु, तसा लेपिडॉप्टेरा म्हणजे खवल्यांचे पंख धारण करणारा कीटकगण.

आतां त्यांतील ‘प्तेरॉन’ पाहा. संस्कृतांत ‘पत्’ या धातूचा अर्थ उडणें असाही आहे. त्यापासून ‘पतत्र’ म्हणजे पंख, ‘पतत्रिन्’ म्हणजे पक्षी आणि ‘पतंग’ म्हणजे उडत जाणारा, असे शब्द झाले. ग्रीकांचा ‘प्तेरॉन’ याच मूळ धातूचा वंशज आहे. म्हणजे दिव्यावर येणाऱ्या जीवाला आपण पतंग म्हणतों व युरोपीय पंडित लेपिडॉप्टेरा म्हणतात, त्या दोन्ही शब्दांत एकच जुनें मूळ दडलेलें आहे. हेंच मूळ ‘हेलिकॉप्टर’ या शब्दांतही आहे. लोक त्याची फोड ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ अशी समजतात. खरी फोड ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख अशी आहे.

‘लेपिस’चें मूळ ‘सोलणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूंत आहे. साल जशी सुटून येते तसा जो सुटून येतो तो खवला. कातडीचे पापुद्रे निघणाऱ्या विकाराला ग्रीकांनीं त्याच धातूवरून ‘लेप्रा’ म्हटलें, आणि पुढें तें नांव महारोगास चिकटून इंग्रजींतील ‘लेप्रसी’ हा शब्द झाला. एकाच धातूपासून अंगाला कांटा आणणारा शब्द निघावा आणि सृष्टींतील अत्यंत देखण्या जीवांचें नांवही निघावें, हा भाषेचा खेळ मौजेचा आहे. संस्कृतांतील ‘शल्क’ या शब्दाचेही साल आणि माशाचा खवला असे दोन्ही अर्थ होतात. दोन दूरच्या भाषांस एकच साम्य सुचलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

वचनाविषयीं एक सूचना येथेंच करून ठेवतों. ‘लेपिडॉप्टेरा’ हें नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. वेदांत ‘भुवनानि’च्या जोडीनें ‘भुवना’ असें आकारान्त अनेकवचन आढळतें, त्याच घाटाचें हें रूप होय. म्हणून ‘एक लेपिडॉप्टेरा’ असें म्हणणें म्हणजे ‘एक फुलें’ म्हणण्यासारखें आहे. एकट्या जीवाविषयीं बोलतांना इंग्रजींत ‘लेपिडॉप्टेरन’ म्हणतात आणि या जीवांचा अभ्यास करणाऱ्यास ‘लेपिडॉप्टेरिस्ट’. मराठींत ‘लेपिडॉप्टेरा गणांतील कीटक’ असें लिहिलें म्हणजे व्याकरणही राखलें जातें आणि अर्थही स्पष्ट होतो.

शब्दापूर्वीचा काळ

हें नांव पडण्यापूर्वीं लोक या जीवांस काय म्हणत? ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथांत फुलपाखरास ‘सिकी’ म्हटलें आहे. या शब्दाचा ग्रीक भाषेंतील दुसरा अर्थ ‘आत्मा’ असा आहे. कोबीसारख्या भाजीच्या पानांवरील अळ्यांपासून हा जीव होतो, मध्यंतरीं तो निश्चल कोशांत राहतो, हें त्यानें नमूद केलें आहे. निर्जीव दिसणाऱ्या वेष्टनांतून पंख असलेला जीव बाहेर पडतो हें पाहून ‘आत्मा’ हें नांव कोणाला सुचलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

तथापि सामान्य लोकांच्या मनांत अळी आणि फुलपाखरूं यांचें नातें पुष्कळ शतकें पक्कें झालें नव्हतें. किडे चिखलांतून अथवा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी समजूत युरोपांत सतराव्या शतकापर्यंत चालत आली. ती मोडण्यास ज्यांनीं हातभार लावला त्यांत एका गृहिणीचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ सालीं फ्रांकफुर्ट येथें जन्मली. तेराव्या वर्षीं तिनें रेशमाचे किडे पाळून त्यांचें निरीक्षण सुरू केलें. १६७९ सालीं तिनें सुरवंटांविषयींचा आपला पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक अळी, तिचा कोश, त्यांतून निघणारें फुलपाखरूं आणि ती अळी ज्या झाडावर वाढते तें झाड, हीं सर्व एकाच चित्रांत दाखविण्याची रीत तिनें पाडली. पुढें १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती समुद्रमार्गें दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला गेली आणि दोन वर्षें तेथील रानांत अळ्या गोळा करून चित्रें काढीत राहिली. १७०५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें निघालेला तिचा सुरिनामवरील ग्रंथ आजही आदरानें पाहिला जातो. तिचीं हीं कामें पाहिलीं म्हणजे घरकामाच्या रगाड्यांत शास्त्र कोठून जमणार, असें म्हणणारांस उत्तर मिळतें.

या मेरियनबाई फुलपाखरास आपल्या जर्मन भाषेंत ‘झोमरफ्योगेलाइन’ म्हणत. त्याचा अर्थ ‘उन्हाळ्यांतील चिमणें पाखरूं’. आपला ‘फुलपाखरूं’ हा शब्द असाच बनला आहे. फुलावर बसणारें तें पाखरूं, मग तें पक्षी नसलें तरी चालेल, असा लोकभाषेचा सरळ हिशेब असतो.

नामकरण

स्वीडनमधील निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यानें हा हिशेब नव्यानें मांडला. त्याच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ति १७५८ सालीं निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची गणना आजही याच आवृत्तीपासून करतात. तींत त्यानें कीटकांचे सात गण पाडले आणि त्यांचीं नांवें पंखांवरून ठेवलीं. भुंगेऱ्यांसारखे म्यानपंखी ते ‘कोलिऑप्टेरा’, माशा व डास हे दोन पंखांचे म्हणून ‘डिप्टेरा’, मधमाशा व मुंग्या यांचे पातळ पापुद्र्यासारखे पंख म्हणून ‘हायमेनॉप्टेरा’. यांच्याच पंक्तींत लेपिडॉप्टेरा बसविला. त्याचे त्यानें तीनच वंश मानले: दिवसां उडणारीं फुलपाखरें ‘पापिलिओ’, तिन्हीसांजेस उडणारे ‘स्फिंक्स’ आणि रात्रीं उडणारे ‘फॅलीना’.

पापिलिओ वंशांतील मोठ्या फुलपाखरांस त्यानें ट्रॉयच्या युद्धांतील वीरांचीं नांवें दिलीं. आपल्याकडील काळें, तांबड्या अंगाचें एक सुंदर फुलपाखरूं ‘हेक्टर’ झालें, आणि लिंबाच्या झाडावर वाढणारें पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचें फुलपाखरूं ‘डेमोलियस’ झालें. आपल्या एखाद्या पंडितानें हें काम केलें असतें तर आज कढीलिंबावर अभिमन्यु आणि घटोत्कच उडत असते!

खवल्यांचें काम

फुलपाखरूं चिमटींत धरून सोडलें म्हणजे बोटांस रंगीत भुकटी लागते. पुष्कळांस ती फुलांतील पराग वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवली असतां ती चपट्या, देंठ असलेल्या पाकळ्यांसारखी दिसते. हेच ते खवले. प्रत्येकाची लांबी साधारणत: एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असून ते छपरावरील कौलांप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक खवला एकाच पेशीपासून तयार होतो. खवले काढून टाकले तर खालीं उरतो तो माशीच्या पंखासारखा पारदर्शक पापुद्रा. फुलपाखराचें सारें वैभव या भुकटींत आहे.

हा रंग दोन प्रकारचा असतो. पिवळा, तांबडा, काळा असे रंग बहुधा खवल्यांतील रंगद्रव्यामुळें येतात. परंतु दक्षिण अमेरिकेंतील ‘मॉर्फो’ फुलपाखराचा झगझगीत निळा रंग कोणत्याही निळ्या द्रव्याचा नव्हे. खवल्यावर अत्यंत बारीक कंगोरे असतात आणि त्यांवरून प्रकाश परावर्तित होतांना फक्त निळा किरण आपल्या डोळ्यांपर्यंत प्रबळ होऊन येतो. खवल्यांचा आणखी एक उपयोग प्राणरक्षणाचा आहे. कोळ्याच्या जाळ्यास पंख लागला तर खवले जाळ्याला चिकटून राहतात आणि जीव निसटतो. नांव ठेवणारानें पंखांवरील ही भुकटी पाहून नांव ठेवलें, तें चांगलेंच ठरलें.

नांवाला अपवाद

येथें चौकस वाचक विचारील कीं पंखांवर खवले नसलेला लेपिडॉप्टेरा असूं शकतो काय? असूं शकतो, आणि तो आपल्या बागेंतच आहे. अनंताच्या झाडावर ज्याची अळी वाढते असा एक पतंग कोशांतून बाहेर येतो तेव्हां त्याच्या पंखांवर खवले असतात. पण पहिल्याच उड्डाणांत ते झडून जातात आणि पंख काचेसारखे स्वच्छ होतात. तो फुलासमोर भुंग्यासारखा गुणगुणत स्थिर राहिला म्हणजे त्यास कोणी पतंग म्हणणार नाहीं. कांहीं जातींच्या माद्यांस तर पंखच नसतात. उलट डासाच्या पंखांतील शिरांवर खवले असतात, तरी डास या कुळांतला नव्हे.

मग नांव खोटें ठरलें काय? आमच्या मतें नाहीं. आज ज्यांचें आडनांव कुलकर्णी आहे ते गांवचें दप्तर लिहितातच असें नाहीं, तरी घराणें कोणतें तें त्या नांवानें ओळखतां येतें. शास्त्रीय नांवही तसेंच आडनांवासारखें आहे. तें ठेवतांना एका ठळक खुणेचा आधार घेतला, पण आजचें शास्त्र कुळ ठरवितें तें वंशावळीवरून. या वंशावळींत लेपिडॉप्टेराचे अगदीं जवळचे भाऊबंद निघाले ते ‘ट्रायकॉप्टेरा’, म्हणजे केसाळपंखी. त्यांच्या अळ्या पाण्यांत राहतात आणि त्यांच्या पंखांवर खवल्यांऐवजीं केस असतात. खवला हा मूळचा केसच. तो पसरट होऊन खवला झाला.

फुलपाखरूं कोणतें, पतंग कोणता?

शाळेंत शिकवितात कीं फुलपाखराच्या मिशांचें टोंक गदेसारखें जाड असतें, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरूं पंख मिटून बसतें, पतंग पसरून बसतो. एक दिवसां उडतें, दुसरा रात्रीं. हे नियम घरगुती उपयोगास पुरेसे आहेत. पण गदेसारख्या मिशांचे आणि भर दुपारीं उडणारे पतंगही आहेत, आणि अमेरिकेंत रात्रीं उडणारीं फुलपाखरेंही आहेत. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून आतां असें ठरलें आहे कीं फुलपाखरें हा पतंगांच्या मोठ्या वृक्षाचा एक फांटा आहे. आजवर या गणांतील सुमारे १,६०,००० जातींस नांवें मिळालीं आहेत, आणि त्यांत फुलपाखरें अवघीं १८ ते १९ हजार आहेत. म्हणजे दर नऊ जातींत आठ पतंगांच्या! ज्याला आपण मुख्य घराणें समजत होतों ती धाकटी पाती निघाली.

फ्रेंच लोक पतंगास ‘रात्रीचें फुलपाखरूं’ अशा अर्थाच्या शब्दांनींच ओळखतात. मराठींत हे दोन शब्द निराळे असल्यामुळें आपणांस ते जीवही निराळे वाटतात. ‘पाकोळी’ हा शब्द तर कोठें लहान फुलपाखरास, कोठें पतंगास आणि कोठें वेगानें उडणाऱ्या एका पक्ष्यासही लावतात. दोहोंस मिळून एक असा शब्द आपल्या बोलींत नाहीं, आणि हीच उणीव भरून काढण्याचें काम लेपिडॉप्टेरा हा शब्द करतो.

सोवळ्यापासून शेतापर्यंत

हें सर्व शब्दांचे चोज म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. आपल्या देव्हाऱ्यासमोर जो मुकटा नेसतात, लग्नांत जी पैठणी मिरवितात, तिचा धागा पतंगाच्या अळीनें स्वत:भोंवतीं विणलेल्या कोशाचा आहे. विदर्भांत भंडारा, गडचिरोली या भागांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसतात. तो कोसाही याच कुळाचा. उलट धान्यांत जाळें करणारी अळी, लोकरीच्या कपड्यास भोंकें पाडणारी अळी, हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कपाशीची बोंडअळी हीं सर्व याच कुळांतलीं.

येथें शब्दाच्या अर्थावर पैसा अवलंबून असतो. ‘बीटी’ कपाशीची गोष्ट घ्या. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा एक जंतु आहे. १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांस तो रेशमाच्या किड्यांच्या रोगांत सांपडला, आणि १९११ सालीं जर्मनींत बर्लिनर यांस तो थुरिंजिया प्रांतांतील पिठाच्या पतंगांच्या अळ्यांत सांपडला. दोन्ही वेळां बळी पडले ते लेपिडॉप्टेराच. या जंतूचें विष तयार करण्याचा गुण कपाशींत आणून तें बियाणें भारतांत २००२ सालीं अधिकृतपणें आलें. कपाशींत घातलेलें हें विष बोंडअळ्यांसारख्या लेपिडॉप्टेरांच्या अळ्यांसाठीं निवडलेलें आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे दुसऱ्या गणांतले. त्यांचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. ‘किडीपासून संरक्षण’ एवढेंच मोघम सांगितलें तर शेतकरी निर्धास्त राहतो आणि तुडतुडे पीक शोषून घेतात. ‘अमुक गणापुरतें संरक्षण’ असें सांगितलें तर तो वेळेवर सावध होतो. पुढें गुलाबी बोंडअळीनें या विषाला दाद देणेंच सोडलें, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत कापसाचें मोठें नुकसान झालें.

२०१८ सालीं मक्यावर अमेरिकेंतून पसरत आलेली लष्करी अळी भारतांत प्रथम आढळली. आपल्याकडे याच नांवाची एक जुनी अळी होतीच. नांव एक आणि जीव दोन, त्यामुळें नव्या अळीस ‘अमेरिकन’ हें विशेषण जोडावें लागलें. ज्या ठिकाणीं बोलीभाषेंतील नांव घोटाळा करतें त्या ठिकाणीं शास्त्रीय नांव कामास येतें, तें असें.

मराठींत काय म्हणावें?

मराठी परिभाषेंत या गणास ‘शल्कपंखी’ आणि ‘खवलेपंखी’ असे दोन शब्द वापरलेले आढळतात. पहिला भारदस्त आहे, पण तो मुलांस पुन्हा समजावून द्यावा लागतो; म्हणजे एका ग्रीक कोड्याच्या जागीं संस्कृत कोडें आलें. आमचा कौल ‘खवलेपंखी’ या शब्दास आहे. ज्यांच्या घरीं मासळी येत नाहीं त्यांच्या मुलांनाही खवले मांजर ऐकून ठाऊक असतें. विद्यापीठांतील ग्रंथांत व औषधांच्या डब्यांवर ‘लेपिडॉप्टेरा’ खुशाल असावा, कारण जगभर तो एकच आहे. परंतु त्याच्या शेजारीं ‘खवलेपंखी’ हा शब्द छापला जावा, एवढीच आमची मागणी आहे. महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्यफुलपाखरूं निवडलें. इंग्रजींत ‘ब्ल्यू मॉरमॉन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या फुलपाखरास ‘नीलवंत’ हें नांव मिळालें. चांगलें नांव मिळाल्याबरोबर तें लोकांच्या तोंडीं बसतें, याचा हा ताजा दाखला आहे.

शेवटीं एक सूचना घरांतील मंडळींस. कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती मारूं नये. ती डेमोलियसची, किंवा तिच्या एखाद्या जवळच्या बहिणीची, असण्याचा संभव फार. काचेच्या बरणीच्या तोंडास मलमलीचा तुकडा बांधून तींत ती ठेवावी, रोज ताजी पानें घालावीं आणि आंत एक उभी काडी ठेवावी. कांहीं दिवसांनीं ती हिरवीगार होईल आणि मग काडीला धागा बांधून कोश करील. कोश काळपट दिसूं लागला म्हणजे पहांटे उठून मुलांस जवळ बसवावें. फुलपाखरूं बाहेर आल्यावर त्याचे पंख वाळेपर्यंत त्यास हात लावूं देऊं नये. पंखांवरचे खवले एकदां गेले कीं पुन्हा येत नाहींत.